मेच्या सुट्टीत थरारक कादंबरी कशी वाचावी

मुंबईत शाळा साधारण जूनच्या मध्याला उघडतात. गावी जाणं, लग्नं, शिबिरं वजा केली तरी दहा-बारा दुपारी मोकळ्या उरतात. दोनशे पानांच्या कुमार कादंबरीला त्या पुष्कळ झाल्या. पानामागे दीड मिनिट धरलं तर पाच तासांचं काम. तरी ती घरोघरी अर्ध्यावर पडून असते. माझ्या मते कारण एकच: सुरुवात तुकड्यातुकड्यांनी होते. पहिली तीस पानं सलग वाचून झाली पाहिजेत. मग गोष्टच मुलाला ओढून नेते.

पुस्तक आणताना मुलाला बरोबर न्या. दादर पश्चिमेला आयडियल या पुस्तकांच्या दुकानात उभ्या उभ्या पहिलं पान वाचू द्या. पान उलटावंसं वाटलं तर तेच घ्या. मागच्या कव्हरवरचा मजकूर मात्र वाचू देऊ नका, पुष्कळदा अर्धी गोष्ट तिथेच फोडलेली असते. विकत घ्यायचं नसेल तर वाचनालय आहेच. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय 1898 पासून चालू आहे, त्याच्या शाखाही आहेत. आवडलं नाही तर पुस्तक बदलून आणता येतं, आणि ही मोकळीक या वयाला फार लागते.

माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं स्वस्तात मिळतात, पण घेण्याआधी शेवटची पानं तपासा. पुस्तकं बहुधा सोळा-सोळा पानांच्या फॉर्म्यांत बांधलेली असतात आणि शिवण सुटली की अख्खा फॉर्मा गळतो. सातवीत असताना मी अशीच एक जुनी रहस्यकथा आणली होती. गुन्हेगार दाराआडून बाहेर येणार, तिथेच पुस्तक संपलं. ती सोळा पानं मला पुढे कधीच मिळाली नाहीत.

पहिलं प्रकरण तुम्ही मोठ्याने वाचा. हे जरूर करा, विशेषतः मूल इंग्रजी माध्यमात असेल तर. अशी मुलं मराठी उत्तम बोलतात, पण जोडाक्षरांशी अडखळतात आणि मग गोष्टीचा वेग हरवतो. पहिली दहा-बारा पानं कानावर पडली की पात्रांची नावं, गाव, वाडा, सगळं ओळखीचं होतं. नंतर डोळे भराभर धावतात. वाचताना अर्थ समजावत थांबू नका. एखादा शब्द अडला तर अडू दे. प्रकरण संपतं तिथे लेखकाने बहुतेक वेळा गाठ मारून ठेवलेली असते. तिथे थांबा, पुस्तक उघडंच पालथं ठेवा आणि चहा टाकायला उठा. माझी भाची मागच्या मेमध्ये अशीच अडकली. मी कप घेऊन आले तेव्हा ती पंख्याखाली फरशीवर पालथी पडली होती. चालू पान वाचून व्हायच्या आधीच अंगठा पुढच्या पानाखाली सरकलेला. त्या दुपारी मी तिला हाकसुद्धा मारली नाही.

जागा आणि वेळ. वन रूम किचनमध्ये स्वतंत्र खोली कुठून आणणार? पण दुपारी दोन ते चार घर झोपलेलं असतं, टीव्ही बंद असतो. ती वेळ कादंबरीला द्या. चाळीत राहत असाल तर गॅलरीचा सावलीतला कोपरा पाहा. फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा, तुमचासुद्धा. बोरिवलीहून चर्चगेटला जायचं असेल तर दुपारची स्लो लोकल धरा. खिडकी मिळाली की तासाभराचं वाचन सहज होतं.

मधल्या दिवसांत परीक्षा घेऊ नका. ‘सारांश लिही’ म्हटलं की सुट्टीतलं पुस्तक अभ्यासाचं होऊन जातं. त्याऐवजी विचारा, ‘तुला कोणावर संशय आहे?’ नाव चिठ्ठीवर लिहायला सांगा, खाली पान नंबर टाका आणि चिठ्ठी घडी करून पुस्तकाच्या पाकिटात ठेवा. संशय बदलला की नवी चिठ्ठी. शक्य असेल तर तुम्हीही तीच कादंबरी मागोमाग वाचा आणि आपल्या चिठ्ठ्या टाका. शेवटचं पान आधी बघायचा मोह दोघांनाही होईल. ती शेवटची पानं रबरबँडने बांधून ठेवली तर बरं.

शेवटची पन्नास पानं एका बैठकीत. त्या रात्री जेवण लवकर उरका, पन्हं करून ठेवा आणि दिवा कधी बंद करायचा ते मुलाला ठरवू द्या.

सकाळी चिठ्ठ्या उघडा. आमच्या भाचीच्या तीन होत्या. तिसरी, 141व्या पानावरची, बरोबर निघाली. मग आम्ही दोघी मागे गेलो आणि लेखकाने तो धागा आधी कुठे ठेवला होता ते शोधलं. तो 38व्या पानावर होता, एका ओल्या छत्रीत.

त्याच आठवड्यात पुढचं पुस्तक हाताशी असू द्या. काही मिळालं नाही तर बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे 1971 पासूनचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात. आणि वाचलेली कादंबरी बिल्डिंगमधल्या दुसऱ्या मुलाला द्या, चिठ्ठ्या आठवणीने काढून घेऊन.