मिस्ट पुन्हा खेळायचाय? आधी जुन्या आठवणींचा बंदोबस्त करा

59. आत्याच्या घरचा फोन नंबर मी विसरले, तिचा मिरजेचा वाडाही पाडून झाला, पण मिस्ट या कॉम्प्युटर गेममधल्या बेटावरच्या जनरेटरला किती व्होल्ट लागतात हे 1996च्या मे महिन्यापासून पाठ आहे. (ज्यांनी हा गेम खेळलेलाच नाही त्यांची माफी मागते. या लेखात एवढं एकच उत्तर फोडणार आहे.)

लहानपणचा मिस्ट परत खेळायला घेतलात की सगळ्यात जास्त नडते ती ही अर्धवट आठवण. या गेममध्ये लेव्हल नाहीत, मरण नाही, कुणी मागे लागत नाही. शेवटाकडे नेणारी वाट पहिल्या मिनिटापासून मोकळी असते, ती कुठे आहे एवढंच आपल्याला माहीत नसतं. बेटावरच्या लायब्ररीतल्या फायरप्लेसवर उमटवायचं चित्र डोक्यात राहिलं असेल, तर काही मिनिटांत सगळं आटोपतं आणि रविवार वाया जातो. म्हणून सुरू करण्याआधी एक कोरा कागद घ्या आणि आठवतंय तेवढं सगळं लिहून काढा. पान भरलं, तर खाली सांगितलेली नवी आवृत्ती घ्या. तीन-चारच ओळी झाल्या, तर कागद घडी करून फ्रिजवर ठेवा आणि जुना गेम बिनधास्त सुरू करा.

आवृत्त्या बऱ्याच आहेत. मूळ गेम 1993चा. अमेरिकेतल्या स्पोकेनजवळ रँड आणि रॉबिन मिलर या भावांच्या सायन कंपनीने (आपलं शीव-सायन नव्हे) तो ॲपलच्या हायपरकार्ड या प्रोग्रामवर, एकामागून एक चित्रं जोडत बांधला. तशी सुमारे 2,500 चित्रं आहेत. म्हणून जुन्या मिस्टमध्ये आपण चालत नाही, पानं उलटल्यासारखं पुढे सरकतो. 2021 साली कॉम्प्युटरवर आलेल्या नव्या आवृत्तीत मोकळं फिरता येतं, आणि सुरुवातीलाच कोड्यांची उत्तरं बदलून घ्यायची सोय आहे. पाठांतरवाल्यांनी हीच घ्यावी. मला स्वतःला जुनीच आवडते. तिच्यात कुणी हललेलं दिसत नाही, आणि ती शांतता अंगावर येते.

घरात जुनी सीडी सापडली असेल तर ती थेट चालवायच्या फंदात पडू नका. तो विंडोजचा 16 बिटचा प्रोग्राम आहे आणि आजचं 64 बिटचं विंडोज तसले प्रोग्राम उघडतच नाही. स्कमव्हीएम नावाचा, जुने गेम चालवणारा मोफत प्रोग्राम उतरवा, सीडीवरच्या सगळ्या फाइल एका फोल्डरमध्ये कॉपी करा आणि तो फोल्डर त्याला दाखवा. सीडीवर ओरखडे असतील तर सरळ नवी प्रत विकत घ्या. मी दोन संध्याकाळी कापडाने सीडी पुसण्यात घालवल्या, उपयोग शून्य.

वही मात्र चौकटीची हवी. फायरप्लेसची जाळी आठ बाय सहाची आहे आणि कोऱ्या पानावर ती कधीच नीट उतरत नाही. मोबाइलवर फोटो काढायचा मोह होईल, पण फोटो काढला की माणूस बघायचं थांबतो. हाताने काढलेल्या चित्रात बघावंच लागतं.

बेटावर उतरलात की लोक पहिल्यांदा अडकतात ते लायब्ररीतल्या नकाशापाशी. बेटावर जागोजागी खांबांवर खटके आहेत. ज्या जागेचा खटका वर केलाय, तेवढीच जागा नकाशावर उमटते. म्हणून आधी बेटभर फिरून सगळे वर करा. मग नकाशावरच्या मनोऱ्यावर माउस दाबून धरा. नुसतं क्लिक करून भागत नाही, दाबून धरायचं. रेघ फिरू लागते, ती एखाद्या जागेवर लाल झाली की सोडा. मनोऱ्यात दोन शिड्या आहेत, दोन्ही चढा. आम्ही महिनाभर एकच चढत होतो.

लाल आणि निळ्या पानांबद्दल एक हिशेब सांगते. बेटावरून पुस्तकांमार्फत वेगवेगळ्या जगांत जाता येतं, आणि लायब्ररीतल्या लाल आणि निळ्या पुस्तकांत अडकलेले दोन भाऊ तिथली आपापल्या रंगाची पानं आणून मागतात. हातात एका वेळी एकच पान मावतं, त्यामुळे दोन्ही भावांची पानं गोळा करायची म्हणजे प्रत्येक जगात दोनदा जाणं आलं. दुसऱ्यांदा खेळताना एकच भाऊ निवडा, आणि लहानपणी ज्याच्यावर विश्वास ठेवला नव्हता तो निवडा. वाचलेला वेळ त्यांच्या खोल्यांत घालवा. अकराव्या वर्षी मी त्या खोल्यांतून धावत बाहेर पडायचे, कारण तिथे ओढायला दांडा नव्हता. आता तिथलं सामान बघितलं की हा माणूस कसा असेल ते कळतं. ड्रॉवर उघडा. एका फाटक्या चिठ्ठीचे दोन तुकडे दोन वेगळ्या जगांत पडलेत आणि ते जोडल्याशिवाय शेवटची गोम कळत नाही. (एक भाऊ अकेनार आणि त्यांचा बाप अॅट्रस ही दोन्ही कामं रँड मिलरनेच केलीत, दुसरा भाऊ सिरस म्हणजे रॉबिन. हे कळल्यापासून मला त्यांच्याकडे गंभीरपणे बघता येत नाही.)

बेटावरच्या रॉकेटमधलं सुरांचं कोडं कान नसलेल्यांना रडवतं. पाच सूर ऑर्गनवर वाजवायचे, आणि मग रॉकेटच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पाच स्लायडर त्या सुरांवर लावायचे. वळेपर्यंत पहिला सूर डोक्यातून गेलेला असतो. यावर आमच्याकडे सापडलेला तोडगा पेटीचा. लेक पेटीपाशी बसली. मी ऑर्गनची पट्टी दाबली, तिने चाचपडत तोच सूर शोधला आणि भाता सोडला नाही. "आई, वर... अजून वर... गेलीस पुढे, मागे ये." पाचही स्लायडर वीस मिनिटांत लागले. पेटी नसेल तर मोबाइलवरचं कीबोर्डचं ॲपही चालेल, फक्त धरून बसणारं माणूस हवं.

अडलात तर इंटरनेटवर पूर्ण उत्तर शोधू नका. ज्याने गेम खेळलाय त्याला फोन करा आणि एवढंच विचारा, "मला लागणारी गोष्ट मी बघितलीय का अजून बघायचीय?" हो किंवा नाही, तेवढ्यावर फोन ठेवा.

आता भुयाराबद्दल. सेलेनिटिक जगात एक छोटी गाडी भुयारांच्या जाळ्यातून जाते आणि प्रत्येक नाक्यावर एक आवाज काढते. तो आवाज म्हणजे दिशा. कुठला आवाज कुठल्या दिशेचा हे यांत्रिक जगातला फिरता किल्ला शिकवतो. म्हणून यांत्रिक जग आधी करा, सेलेनिटिक नंतर. अधल्यामधल्या दिशांना दोन आवाज एकत्र येतात, त्यामुळे स्पीकरपेक्षा हेडफोन बरा. आवाज परत ऐकायचं बटण गाडीतच आहे, ते लाजू नका, दहादा दाबा.

लेकीने वहीत चार दिशांसमोर टिंग, फुस्स, खट् आणि कुईं लिहून ठेवलं आणि दुसऱ्या प्रयत्नात गाडी बाहेर काढली. मी आतेभावाला फोन करून म्हटलं, "1996ची वही बघ रे, आपण काय लिहिलं होतं?" आम्ही दोघांनी सुट्टीचे शेवटचे दोन आठवडे त्या भुयारात घालवले होते, आणि तिथून बाहेर न पडताच शाळा सुरू झाली. त्याने माळ्यावरून वही काढली, पान शोधलं आणि फोटो पाठवला. वर आतेभावाच्या अक्षरात 'भुयार', खाली तीसेक वेळा डावी-उजवी खोडलेली, आणि कोपऱ्यात माझ्या अक्षरात: 'आजोबा झोपलेत. आवाज बंद ठेवणे.'