गुगलवरच्या दुकानाच्या पोस्ट महिनाभर आधी कशा लावून ठेवायच्या, आपल्या वऱ्हाडातल्या दुकानांसाठी

मॅपवर दुकानाचं नाव काढलं की खाली फोटोसोबत ज्या छोट्या पोस्ट दिसतात ना, त्या मी सध्या नऊ दुकानांसाठी टाकते. सगळे आपल्या वरुड-मोर्शीकडचेच, दोन कृषी केंद्रं, एक संत्र्याच्या कलमांची नर्सरी, एक मोटर रिवाइंडिंग अन् कुलरवाले काकाजी, एक मंगल कार्यालय, एक दातांचा दवाखाना, बाकी कापड, भांडी, चष्मे. हे काम नवीन धरलेली पोरं फोन करून विचारतात की ताई तुम्ही महिन्याचं सगळं आधीच कसं लावून ठेवता, तं एकदा नीट सांगूनच टाकते.

पहिली गोष्ट म्हणजे नेटवर मिळतात ते रेडीमेड कॅलेंडर घेऊ नका. एका कृषी केंद्राचं गुगल प्रोफाइल (मॅपवर दुकानाचं जे पान दिसते ते) माझ्याकडे आलं तेव्हा त्यावर आधीच्या माणसाने १७ जुलैला जागतिक इमोजी दिनाच्या शुभेच्छा टाकल्या होत्या. १७ जुलैला आपला शेतकरी सोयाबीनातलं तण पाहून राहिला असतो, त्याला डवऱ्याची अन् फवारणीची घाई असते, त्याने त्या दुकानाचं नाव काढलं तं त्याला काय दिसलं पायजे? हा एकच प्रश्न मनात ठेवला की अर्धं कॅलेंडर तिथेच बनतं.

मी असं करते, क्लायंटजवळ अर्धा तास बसते, चहा घेते, अन् दोनच गोष्टी विचारते. कोणत्या महिन्यात तुम्हाला जेवायला फुरसत भेटत नाही, अन् त्या महिन्यात लोक फोनवर सारखं काय विचारतात. ते जे सारखं विचारतात ना, तीच पोस्ट. नर्सरीवाले भाऊ म्हणाले की लोक विचारतात कलम जंभेरी खुंटावर (खुंट म्हणजे ज्या खालच्या रोपावर कलम बांधतात ते) आहे का रंगपूरवर, डोळा किती उंचीवर बांधला आहे, गाडीने पोहोचवता का. झाल्या तीन पोस्ट. लागवड पावसाळ्यात असते पण लोक चौकशी एप्रिल-मे पासूनच करतात, म्हणून ह्या तीन पोस्ट एप्रिलमधे जातात, जूनमधे नाही. गर्दीच्या दोन-तीन आठवडे आधी पोस्ट गेली पायजे, गर्दी सुरू झाली की मालकाला फोटो काढायलाही वेळ नसतो.

मोटर-कुलरवाल्या काकाजींचे वर्षात दोन सीजन आहेत. होळीच्या आसपास कुलर बाहेर निघतात, म्हणून ताट्या बदलून देणं, पंप, टाकीची गळती हे फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यातच लावते. अन् हरभरा-गव्हाचं ओलित सुरू झालं की ऑक्टोबरपासून मोटरी जळायला लागतात, व्होल्टेज कमी-जास्त झालं की संपलं. त्या वेळेस माणूस धुऱ्यावर उभा राहून मोबाइलवर शोधतो, त्याला शुभेच्छा नको असतात, त्याला आज मोटर आणली तं केव्हा भेटेल हे पायजे असतं. पोस्टची पहिली ओळ तीच ठेवायची, सकाळी १० च्या आत आणली तं संध्याकाळी, असं काकाजी स्वतः सांगतील तेच, आपल्या मनाने कबूल करायचं नाही.

मंगल कार्यालयाचं पंचांग पाहिल्याशिवाय लावूच नका. २०२६ मधे १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ महिना आहे, त्यात लग्नं होत नाहीत, म्हणजे दरवर्षी मे च्या शेवटी ज्या तारखा भरलेल्या राहतात त्या यंदा रिकाम्या. साक्षगंधाच्याही पोस्ट तेव्हा लावायच्या नाहीत, वाढदिवस, निरोप समारंभ, मीटिंग यांच्यासाठी हॉल भेटतो हे दाखवायचं. अधिक महिन्यामुळे पुढचे सणही लांबतात, गणपती १४ सप्टेंबरला, पोळा त्याच्या दोन-चार दिवस आधी, दसरा २० ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. मागच्या वर्षीची पोस्टच्या तारखांची शीट कॉपी करून तारखा तशाच ठेवल्या तं पोळ्याची पोस्ट पोळ्याच्या दोन-तीन आठवडे आधीच निघून जाईल. अन् सणाला पोस्टपेक्षाही जास्त महत्त्वाचं म्हणजे प्रोफाइलमधे त्या दिवसाच्या दुकानाच्या वेळा बदलणं. पोळ्याच्या दिवशी मॅप दुकान चालू दाखवते अन् माणूस पंधरा किलोमीटरवरून येऊन बंद शटर पाहतो, तो माणूस परत येत नाही.

आता कृषी केंद्र, ह्यात सगळ्यात जास्त जपायला लागते. पहिल्या वर्षी मी १० जूनला एक पोस्ट लावून ठेवली होती, मृग लागला, बियाणं आलं, पेरणीला लागा, अशी. मृग ७-८ जूनला लागतोच म्हणून मी निश्चिंत होते. त्या वर्षी मृग कोरडा गेला. एक शेतकरी दुकानात येऊन म्हणाला, तुमच्या मोबाइलवर तं पेरा म्हणते, अन् दुकानदाराजवळ उत्तर नव्हतं. त्याने पेरलं नव्हतं, पण पेरलं असतं तं? दुबार पेरणी म्हणजे काय ते आपल्या घराघरात माहीत आहे, बियाण्याची बॅग, खत, मजुरी सगळं मातीत. तेव्हापासून नियम केला की पावसावर अवलंबून असलेली कोणतीच पोस्ट शेड्यूल करायची नाही. ती शीटमधे लिहून तयार असते, तारखेच्या जागी 'पाणी पडल्यावर' लिहिते, अन् कृषी विभाग दरवर्षी सांगतो तसा ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाला असं दुकानातून फोनवर सांगितलं की मगच टाकते.

पावसाची गरज नसलेल्या गोष्टी मात्र बिनधास्त आधी लावता येतात. मे महिन्यात घरच्या सोयाबीनची उगवण तपासायची पोस्ट, १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळा, रोज पाणी शिंपडा, आठवड्याने मोजा, ७० च्या वर उगवले तं एकरी ३० किलो पुरते. दुसरी, पक्कं बिल घ्या, त्यावर लॉट नंबर पहा, बॅग अन् लेबल फेकू नका. ह्या पोस्टने त्या दिवशी विक्री होत नाही पण दुकानदार आपल्या भल्याचं सांगून राहिला हे लोकांना समजते.

आता टाकायचं कसं. क्लायंटचा पासवर्ड कधीच मागू नका, त्यांना त्यांच्या प्रोफाइलमधून तुम्हाला मॅनेजर म्हणून जोडायला सांगा, मालकी त्यांच्याचजवळ राहिली पायजे. मजकूर १५०० अक्षरांपर्यंत चालतो पण शोधणाऱ्याला आधी एक-दोन ओळीच दिसतात, तं कामाची गोष्ट तिथेच. मजकुरात फोन नंबर टाकू नका, गुगल पोस्ट नाकारते, कॉलचं बटन आहे ते लावा. फोटो आडवा घ्या, ४ ला ३ च्या मापाचा, दुकानातलाच खरा, त्यावर मोठमोठी अक्षरं अन् नेटवरची पाहुणी माणसं नको.

पोस्टचे प्रकार तीन, अपडेट, ऑफर, इव्हेंट. ऑफर अन् इव्हेंटला सुरू अन् संपायची तारीख द्यायला लागते अन् हेच त्यांचं मोठं काम आहे, कारण दिवाळीची सूट साध्या अपडेटमधे टाकली तं ती सहा महिने तिथेच दिसत राहते अन् फेब्रुवारीत कोणी येऊन तीच सूट मागते. सूट असली की ऑफरच, मी दुसरं टाकतच नाही.

शेड्यूल करायला आधी बाहेरचं टूल लागायचं, २०२५ च्या शेवटी गुगलने पोस्ट लिहिता लिहिताच तारीख-वेळ लावायची सोय दिली, नऊ दुकानांना तेवढं पुरते. वेळ सकाळची का संध्याकाळची ह्यावर डोकं नका लावू, ही व्हॉट्सअपसारखी कोणाच्या मोबाइलवर जाऊन पडत नाही, जो शोधते त्यालाच दिसते. दिवस मात्र पहा, बाजाराच्या आदल्या दिवशी पोस्ट असली की बरं.

माझी शीट साधी आहे, तारीख, दुकान, प्रकार, मजकूर, फोटो आला का, होकार आला का, लागली का. दर दुकानाला आठवड्यात एक म्हणजे महिन्यात ३६ पोस्ट, त्यातल्या २७ मी २५ तारखेच्या आसपास एका बैठकीत लावते अन् दर दुकानाची एक जागा रिकामी सोडते, गारपीट, अचानक आलेला माल, जे होईल ते त्यात. होकार मी लिहून मागत नाही, मजकूर वाचून व्हॉइस नोट पाठवते, काकाजी गाडीवर बसल्या बसल्या ऐकतात अन् 'हो' म्हणतात. लांब मेसेज कोणी वाचत नाही. दुकानातल्या वहिनी किंवा पोरगा फोटो काढत असेल तं त्यांनाच सरळ सांगा, मालकाच्या मागे लागून फोटो येत नाहीत.

क्लायंटला एक गोष्ट आधीच खरी सांगा की पोस्ट टाकल्या म्हणून दुकान मॅपवर एक नंबरवर येईल असं नाही. गुगल जुळणी, अंतर अन् दुकानाचं नाव किती झालं हे पाहते. कॅटेगरी चुकीची, वेळा चुकीच्या, रिव्ह्यूला उत्तर नाही, असं असलं तं पहिला महिना त्यातच घालवा. पोस्ट कोणासाठी, तं जो तुमच्यापर्यंत पोहोचला अन् तुमचं दुकान का बाजूचं असा विचार करून राहिला त्याच्यासाठी. महिन्याच्या शेवटी कॉल किती, रस्ता किती जणांनी पाहिला हे आकडे प्रोफाइलमधेच भेटतात, ते मी मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी लावून दाखवते, मागच्या महिन्याशी नाही, कारण कुलरवाल्याचा मे अन् जुलै कधीच सारखा नसते.

अन् एक राहिलंच. भांड्यांच्या दुकानवाल्या दादांचे वडील वारले, अन् तिसऱ्या दिवशी मी लावून ठेवलेली सवलतीची ऑफर प्रोफाइलवर गेली, दुकान बंद, घरात सुतक. दादा काहीच बोलले नाहीत, मलाच चार दिवस झोप नव्हती. आता दर दुकानाच्या घरातल्या दोन माणसांचे नंबर माझ्याजवळ आहेत अन् त्यांना सांगून ठेवलं आहे की काही झालं तं नुसतं 'थांबव' एवढं लिहा, कारण सांगायची गरज नाही. मी शेड्यूल उघडून त्या दुकानाच्या पुढच्या पंधरा दिवसांच्या सगळ्या पोस्ट काढून घेते, दुकानाच्या वेळेत बंद टाकते, अन् परत केव्हा लावायच्या हे तेराव्यानंतर त्यांनाच विचारते.