फूट-सूतावरून मिलिमीटरवर येताना या चुका टाळा

मेट्रिक मापांचा कायदा आपल्याकडे 1956 सालचा. साइटवर मात्र आजही ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये, मिस्त्रींचा हिशोब फूट-सूतात (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) आणि वाळू ब्रासवर (ब्रास म्हणजे 100 घनफूट). ड्रॉइंग मेट्रिक असेल तर कामही मेट्रिकमध्येच करा. तोंडी रूपांतराच्या नादी लागू नका.

सगळ्यात महागात पडते ती फरशी. ‘दोन बाय दोन’ची टाइल असते 600 मिमीची, दोन फूट म्हणजे 609.6. वीस फुटी हॉलमध्ये बरोब्बर दहा बसतील म्हणून एका भिंतीपासून सुरुवात केली, तर दोन मिमीचे स्पेसर (टाइलमधली फट राखणारे तुकडे) धरूनही दुसऱ्या टोकाला तीन इंचांची पट्टी उरते, आणि ती नेमकी दारात येते! सिमेंटचा माल भिजवण्याआधी एक ओळ कोरडी मांडून बघा. मध्ये नऊ अख्ख्या आणि दोन्ही कडांना 338 मिमीचे तुकडे घेतले की नजरेला खटकत नाही. चार टाइलच्या बॉक्सात 16 नव्हे, 15.5 चौरस फूटच माल असतो, तेव्हा बॉक्सही त्याच हिशोबाने मागवा.

‘फूट म्हणजे तीस सेंटिमीटर’ हे गप्पांपुरतं ठीक. दहा फुटी वॉर्डरोबला त्यात 48 मिमीचा फटका बसतो. जुनं माप कागदावर बदलत बसण्यापेक्षा टेपची मिमीची बाजू धरून जागेवर पुन्हा माप घ्या, सुताराला तेच द्या. माप आतलं की बाहेरचं, हेही लिहा. 600 मिमीच्या डिशवॉशरसाठी बाहेरून दोन फुटी खोका केला, तर 18 मिमीच्या दोन प्लाय वजा जाऊन आत 573 उरतात. मग तासून काही होत नाही, खोका नवाच.

कॅल्क्युलेटरवरचे 10.5 फूट म्हणजे दहा फूट सहा इंच, पाच नव्हे. हे सांगायला नको, पण सांगावं लागतं.

सळईत ‘चार सूत’ म्हणजे 12 मिमी. ते शब्दशः 12.7 धरून वजन काढलं, तर स्टील बारा टक्के जादा येतं. 12 मिमीला मीटरमागे 0.888 किलो धरा.

पाइपाला टेप लावू नका. अर्धा इंची जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पाइप, म्हणजेच 15 मिमीचा, बाहेरून 21.3 मिमी भरतो. दुकानात नावानेच मागा. आटे अजून जुन्याच इंची मापाचे आहेत, त्यामुळे नवा नळ जुन्या लाइनला बसतो.