क्रोशाचं ऑलिव्ह रिडले कासव: दोरा सुतीच घ्या

समुद्रातल्या प्लास्टिकबद्दल सांगायला ॲक्रिलिकचं कासव विणणं म्हणजे गंमतच. धुताना त्याचे प्लास्टिकचे तंतू पाण्यात जातात. म्हणून ४ प्लाय सुती दोरा, २.५ मिमीची सुई आणि आत सावरीचा कापूस घ्या.

पाठ राखाडी-हिरवी. मॅजिक रिंगमध्ये (ओढून घट्ट होणाऱ्या दोऱ्याच्या कड्यात) ६ सिंगल क्रोशे (साधे आखूड टाके), मग दर फेरीला ६ वाढवत ३६ टाके करा. वाढीचे टाके दर फेरीत एकावर एक आले की गोलाऐवजी षट्कोन होतो. म्हणून एक फेरी सोडून त्यांची जागा सरकवा. पुढे ४ फेऱ्या सरळ. पोट फिकट पिवळं, ३६ टाक्यांपर्यंत सपाट. पुढचे वल्ह्यासारखे पाय मागच्यांपेक्षा लांब हवेत, त्यात कापूस नको.

टाक्यांतून कापूस डोकावला तर सुई पाव मिलिमीटरने बारीक घ्या. रिंगच्या दोऱ्याचं टोक नुसतं कापलं तर भरताना मधोमध भोक पडतं. ते आतून दोनदा ओवून घ्या.

कासवाला बांधायच्या चिठ्ठीवर ‘कासव वाचवा’ एवढंच नको. कोकणात ही कासवं जिथे अंडी घालतात त्या गावांची नावं घालून ‘वेळास, आंजर्ले: किनाऱ्यावर घरटं दिसलं तर अंडी हलवू नका, टॉर्च मारू नका, वनविभागाला कळवा’ असं लिहा.