फोकल रिड्यूसर: जुनी लेन्स, छोटा सेन्सर आणि एका स्टॉपचा हिशेब

फुल फ्रेम, म्हणजे ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेल्या कॅमेऱ्यासाठी बनवलेली ५० मिमीची जुनी लेन्स साध्या अडॅप्टरने मायक्रो फोर थर्ड्स या छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर चढवली, की छोट्या खोलीत दोन पात्रे एका चौकटीत बसवताना पाठ भिंतीला टेकते. ही लेन्स सुमारे ४३ मिमी व्यासाच्या वर्तुळात प्रतिमा टाकते आणि सेन्सरचा कर्ण जेमतेम २१.६ मिमी असतो, त्यामुळे बाहेर पडणारा प्रकाश कॅमेऱ्याच्या आतल्या काळ्या भिंतींवर वाया जातो. फोकल रिड्यूसर म्हणजे हेच वर्तुळ आकसून सेन्सरवर आणणारी भिंगे बसवलेला अडॅप्टर. लेन्सची फोकल लांबी वाढवून दृश्य जवळ आणणारा टेलिकन्व्हर्टर जे करतो, त्याच्या नेमके उलट काम तो करतो. दुर्बिणीतून आकाशाची छायाचित्रे काढणारे हौशी लोक अशी भिंगे फार आधीपासून वापरत होते. २०१३ मध्ये मेटाबोन्स या कंपनीने ‘स्पीड बूस्टर’ आणला आणि कमी खर्चात चित्रपट करणाऱ्यांच्या पिशवीत ही वस्तू आली.

बहुतेक रिड्यूसर ०.७१ पटीचे असतात. ५० मिमीला ०.७१ ने गुणले की ३५.५ मिमी येतात आणि अॅपर्चरचा, म्हणजे लेन्सच्या उघडण्याचा आकडा एफ/१.८ वरून जवळजवळ एफ/१.३ वर येतो; आकडा जितका लहान, तितका प्रकाश जास्त. प्रतिमेचे क्षेत्रफळ निम्मे झाल्यामुळे तेवढाच प्रकाश दुप्पट दाट होतो. त्यालाच एक स्टॉप मिळाला असे म्हणतात, आणि दिव्याच्या उजेडात आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) ३२०० वर करावा लागणारा शॉट १६०० वर होतो. दृश्याच्या रुंदीचा हिशेबही असाच आहे: मायक्रो फोर थर्ड्सचा २ पट क्रॉप (फुल फ्रेमच्या तुलनेत चौकट किती अरुंद होते तो आकडा) १.४२ वर येतो, तर एपीएस-सी या मधल्या आकाराच्या सेन्सरचा १.५ पट क्रॉप १.०७ वर, म्हणजे जवळपास फुल फ्रेमवरच. पार्श्वभूमी धूसर होण्याबाबत मात्र गैरसमज आहे. रिड्यूसर लावल्यावर चौकट रुंद होते. पात्र पूर्वीइतकेच मोठे दिसावे म्हणून कॅमेरा पुढे न्यावा लागतो, आणि पार्श्वभूमी अधिक विरघळते ती त्या जवळ जाण्यामुळे.

विकत घेण्यापूर्वी आपल्याकडे कोणत्या लेन्स आहेत, हे पाहावे. कॅनन ईएफ लेन्सच्या माउंटपासून, म्हणजे लेन्स बसते त्या कड्यापासून, सेन्सरपर्यंतचे अंतर ४४ मिमी, निकॉन एफचे ४६.५ मिमी आणि मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्याच्या सोनी ई माउंटचे फक्त १८ मिमी असते. रिड्यूसरची भिंगे या अंतरांतल्या फरकामुळे मोकळ्या राहणाऱ्या जागेत बसतात, म्हणून मिररलेस कॅमेऱ्यासाठीच बनलेल्या लेन्सला ती लावता येत नाहीत. लेन्स फुल फ्रेमची असणेही महत्त्वाचे आहे, कारण एपीएस-सी लेन्सचे २८ मिमीचे वर्तुळ आकसून २० मिमीच्या आसपास येते आणि मायक्रो फोर थर्ड्सवरही कोपरे काळवंडू शकतात. ज्याच्याकडे फुल फ्रेमची एकही लेन्स नाही, त्याने रिड्यूसर घेऊच नये, कॅमेऱ्याच्या स्वतःच्या माउंटची एक चांगली लेन्स घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ईएफ लेन्सचे अॅपर्चर विजेवर चालते, त्यामुळे तिच्यासाठी इलेक्ट्रॉनिक संपर्क असलेला रिड्यूसरच लागतो. निकॉनच्या जी लेन्सवर अॅपर्चरची रिंग नसते; ती रिड्यूसरवर असावी लागते, आणि तिच्यावर बहुधा एफ-आकडे नसल्याने उजेडाचा अंदाज पडद्यावर पाहूनच घ्यावा लागतो. काही रिड्यूसरचे मागचे भिंग कॅमेऱ्याच्या आत शिरते. असा रिड्यूसर ज्या मॉडेलसाठी बनला आहे त्यावरच लावावा, नाहीतर तो शटरवर आदळू शकतो.

वस्तू हातात आल्यावर पहिले काम इन्फिनिटी, म्हणजे खूप दूरची वस्तू स्पष्ट होते का, हे तपासण्याचे. माझ्याकडून एकदा हेच राहून गेले होते. संध्याकाळी गच्चीवरून दूरच्या दिव्यांचा शॉट घेताना फोकसची रिंग शेवटपर्यंत फिरवली, तरी दिव्यांचे गोळे काही ठिपके होईनात, आणि मी अर्धा तास निष्कारण लेन्सला दोष देत बसलो. इन्फिनिटी तपासण्यासाठी कॅमेरा तिपाईवर ठेवावा, आपली सर्वांत वाइड आणि विश्वासाची लेन्स पूर्ण उघड्या अॅपर्चरवर लावावी, रिंग इन्फिनिटीच्या खुणेवर आणावी आणि दूरची एखादी उभी, ठळक वस्तू पडद्यावर मोठी करून पाहावी. वाइड लेन्स अशासाठी, की भिंगाच्या जागेतली बारीक चूक तिच्यावर सर्वांत आधी उघडी पडते. अनेक रिड्यूसरमध्ये भिंगांचा गट आट्यांवर बसवलेला असतो आणि बाजूचा बारीक स्क्रू सैल केला की तो फिरवता येतो. दूरची वस्तू स्पष्ट होतच नसेल, तर गट सेन्सरच्या दिशेने किंचित सरकवावा. ती खुणेच्या बरीच आधी स्पष्ट होत असेल, तर उलट दिशेने. एका वेळी पाव फेऱ्याहूनही कमी फिरवावे, दर वेळी लेन्स पुन्हा लावून पाहावे आणि शेवटी स्क्रू हलकेच आवळावा.

कॅमेऱ्याच्या आतले, हातांची थरथर भरून काढणारे स्टॅबिलायझेशन वापरायचे असेल आणि लेन्स मॅन्युअल असेल, तर मेनूमध्ये ५० नव्हे, ३५ मिमी भरावे. चुकीचा आकडा भरला तर चित्र डोलू लागते. दिवसा बाहेर शटर १/५० वर ठेवून एफ/१.३ वर चित्रण करायचे तर प्रकाश कमी करणाऱ्या एनडी फिल्टरला पर्याय नाही. तरीही पूर्ण उघड्या अॅपर्चरचा मोह टाळलेला बरा. स्वस्त रिड्यूसरवर कोपरे मऊ पडतात आणि एक स्टॉप बंद केल्यावर चित्र लक्षणीय सुधारते. मिळालेला स्टॉप असा परत द्यावा लागला, तरी रुंद चौकट आपलीच राहते. उलट टोकाला, एफ/८ च्या पुढे अॅपर्चर बंद करून उजळ आकाशाकडे कॅमेरा वळवला, तर काही रिड्यूसर चौकटीच्या मध्यभागी निळसर डाग पाडतात. तो भिंग आणि सेन्सर यांच्यातल्या परावर्तनाचा असतो आणि रंगसंस्कारात सहजी निघत नाही, म्हणून चाचणीच्या दिवशीच पांढऱ्या भिंतीवर अॅपर्चर एकेक स्टॉप बंद करत जावे आणि डाग कुठे उमटतो तो आकडा टिपून ठेवावा. जड लेन्स लावताना तिला खालून आधार द्यावा, कारण आता तिचा भार एकाऐवजी दोन सांध्यांवर येतो आणि फोकस ओढताना चित्र हिसका खाते.