एकच स्ट्रॅटेजी गेम, दोन प्रकारचे खेळाडू: समतोल कसा साधावा

एकट्याने खेळणाऱ्याला विचार करायला वेळ हवा असतो, आपले सैन्य हळूहळू बलाढ्य होताना पाहायचे असते आणि शेवटी जिंकायचे असते. माणसाविरुद्ध खेळणाऱ्याची अपेक्षा वेगळी असते: हार पत्करावी लागली तरी ती न्याय्य वाटली पाहिजे. एखाद्या युनिटची (खेळातील सैनिकाची किंवा यंत्राची) ताकद या दोघांच्या मध्ये कुठेतरी ठेवली, तर पहिल्याला ते युनिट बेचव वाटते आणि दुसऱ्याला अन्यायकारक. त्यामुळे डिझाइनची सुरुवात आकड्यांपासून करू नये.

सर्वप्रथम दोन्ही प्रकारांत काय समान राहील, हे लिहून काढावे. जे हाताच्या आणि डोळ्याच्या सवयीचे होते ते समान असावे: कळा, दुरून ओळखू येणारी युनिटची आकृती, साधनसामग्री गोळा करण्याची पद्धत आणि कोण कोणाला भारी पडतो हे मूलभूत नाते. भालाईत घोडदळाला भारी पडतात, हे मोहिमेत (एकट्याने टप्प्याटप्प्याने खेळायच्या भागात) शिकलेल्या खेळाडूला ऑनलाइन सामन्यात उलटे चित्र दिसले, तर त्याचा साऱ्याच नियमांवरचा विश्वास उडतो.

त्यानंतर आकडे वेगळे करावेत, आणि हे काम पहिल्या दिवसापासून करावे. युनिटची किंमत, वेग, आघात आणि बांधणीचा वेळ यांची मूळ फाइल एकच ठेवून तिच्यावर मोहिमेचा एक व स्पर्धेचा एक असे दोन स्वतंत्र थर चढवावेत. असे केले नाही, तर स्पर्धेतील एखादे युनिट पॅचमध्ये (खेळात नंतर केलेल्या सुधारणेत) कमजोर करताच मोहिमेतील त्याच युनिटवर बेतलेली कामगिरी, म्हणजे मोहिमेचा एक टप्पा, अकारण अवघड होऊन बसते. ‘स्टारक्राफ्ट २’च्या २०१० मधील मोहिमेत मेडिक, फायरबॅट, गोलायथ अशी युनिट्स होती, जी त्याच्या स्पर्धात्मक सामन्यांत नव्हती. एकट्या खेळाडूला वैविध्य मिळाले आणि स्पर्धेचा तोल सांभाळणाऱ्यांवर त्या युनिट्सचा भार पडला नाही.

सर्वांत जास्त वेळ संगणकीय प्रतिस्पर्ध्यावर खर्च करावा, कारण दोन्ही प्रेक्षकवर्गांमधली दरी बहुधा इथेच रुंदावते. काठिण्य वाढवण्याचा सोपा मार्ग म्हणजे संगणकाला सवलती देणे. ‘सिव्हिलायझेशन’ मालिकेत वरच्या पातळ्यांवर त्याला उत्पादनात सूट आणि सुरुवातीलाच जादा तुकड्या मिळतात. सवलत देण्यात गैर काही नाही, मात्र ती लपवू नये. ‘स्टारक्राफ्ट २’मध्ये सर्वांत वरच्या पातळ्यांच्या नावांतच संगणक ‘चीटर’ असल्याचे स्पष्ट म्हटले आहे, आणि हा प्रामाणिकपणा अनुकरणीय आहे. याउलट संगणकाचा वेग मोकळा सोडला, तर तो माणसाच्या आवाक्याबाहेरच्या गतीने आज्ञा देऊ लागतो. २०१९ मध्ये ‘स्टारक्राफ्ट २’ खेळणाऱ्या ‘अल्फास्टार’ या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीवर दर ५ सेकंदांतील आज्ञांची मर्यादा घातली गेली ती याचसाठी. संगणकाच्या सवयींकडेही लक्ष द्यावे. तो नेहमी ठरावीक मिनिटालाच हल्ला करत असेल, तर खेळाडू तोवर तटबंदीआड निवांत बसायला शिकतो आणि पहिल्याच ऑनलाइन सामन्यात, सैन्य उभे राहण्याआधीच, गारद होतो. म्हणून मधल्या पातळीपासूनच संगणकाने लवकर टेहळणी करावी, लहान तुकडीने त्रास द्यावा आणि डाव फसल्यावर माघार घ्यावी, अशी रचना करावी.

वेळेचा प्रश्न तुलनेने सरळ आहे. एकट्याला हवे तेव्हा खेळ थांबवू द्यावा आणि हवा तिथे सेव्ह करू द्यावा. अनेकांच्या पाळीच्या खेळात प्रत्येकाची वाट पाहणे कंटाळवाणे होते. पण सर्वांच्या पाळ्या एकाच वेळी चालवल्या, तर डावपेचांपेक्षा आधी क्लिक करणाऱ्याला फायदा मिळतो. यावर तडजोड म्हणून शांततेच्या काळात एकत्रित पाळ्या आणि युद्ध पेटल्यावर लढणाऱ्यांच्या आळीपाळीने पाळ्या ठेवाव्यात.

आता पूल बांधावा. मोहीम संपवलेल्या खेळाडूला थेट रँक्ड (क्रमवारी ठरवणाऱ्या) सामन्यात लोटणे म्हणजे नुकतेच पोहायला शिकलेल्याला पुरात सोडणे होय. ‘एज ऑफ एम्पायर्स २’च्या २०१९ च्या ‘डेफिनिटिव्ह’ आवृत्तीतील ‘आर्ट ऑफ वॉर’ कामगिऱ्या स्पर्धेला लागणारी कौशल्ये सुटी सुटी शिकवतात आणि वेळेनुसार पदके देतात. दुसरा पूल सहकारी खेळाचा. दोन माणसे मिळून संगणकाशी लढत असतील, तर समोर तक्रार करणारा माणूस नसतो; त्यामुळे स्पर्धेसाठी अतिबलाढ्य ठरून बाद झालेल्या कल्पना इथे निर्धास्तपणे वापरता येतात. माझ्या मते अनेक संघ या प्रकाराला उगाच दुय्यम मानतात.

चाचणी करताना दोन वेगळे तक्ते ठेवावेत. स्पर्धेसाठी खेळातील प्रत्येक पक्षाच्या विजयाचे प्रमाण पाहावे, पण एकूण सरासरीवर विसंबू नये. नवख्यांच्या हाती दुबळा आणि तज्ज्ञांच्या हाती अजिंक्य असलेला पक्षही सरासरीत ५० टक्क्यांवर दिसू शकतो. मोहिमेसाठी खेळाडू कोणत्या कामगिरीत खेळ सोडतात, ती किती वेळा पुन्हा सुरू करतात आणि कोणते युनिट कधीच बनवत नाहीत, हे नोंदवावे. स्पर्धक आपले म्हणणे हिरिरीने मांडतात, तर एकटा खेळणारा रुसला की बहुधा गुपचूप निघून जातो. म्हणून त्याचे मत मुद्दाम विचारावे लागते.

संघ लहान असेल, तर एक बाजू निवडण्यास कचरू नये. ऑनलाइन सामन्यांना कोणत्याही वेळी तुल्यबळ प्रतिस्पर्धी मिळण्याइतके खेळाडू लागतात आणि तेवढे नसतील, तर उत्तम तोल साधलेला खेळही प्रतीक्षायादीतच अडकतो. अशा संघाने आधी मोहीम आणि संगणकीय प्रतिस्पर्धी पक्का करावा, आकड्यांचा दुसरा थर रिकामा का होईना पण तयार ठेवावा, आणि खेळाडू स्वतःहून एकमेकांशी लढायची मागणी करू लागले की तो भरायला घ्यावा.