मंडळीत "आपलंच भागत नाही"ची सवय कशी मोडायची

आधी एक सांगून टाकतो, दुष्काळ खोटा नाही. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते दिवस काढलेल्या माणसाला "विश्वास ठेवा, सगळं भरपूर आहे" असलं काही सांगायला जाऊ नका, तो मान हलवेल आन उठून जाईल. मी बोलायलोय ते वेगळं, मंडळीच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, खात्यात पैसे पडून असताना पंचांच्या (चर्चचा कारभार बघणाऱ्यांच्या) मीटिंगमध्ये "आपलंच भागत नाही, दुसऱ्याला कुठून द्यायचं" जे चालतं ना, त्याबद्दल.

सुरुवात हिशोबापासून करा. मागच्या 12 महिन्यांची जमा, खर्च आणि एफडी, सगळं एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून चर्चच्या दाराला चिकटवा. खजिनदार रुसेल, रुसू द्या. आमच्या इथं हे केलं तेव्हा कळलं की पत्र्यासाठी ठेवलेली एफडी तीनदा रिन्यू झाली होती आणि पावसाळ्यात आम्ही बादल्या ठेवूनच गाणी म्हणत होतो, कारण पैसे मोडायची कुणाची छातीच होईना.

मग वर्गणी. दरमहा 100 रुपये हा नियम पगारदार माणसानं बनवलाय हे उघड आहे. आपल्याकडं निम्मी मंडळी दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला जाते ती मार्च-एप्रिललाच परत येते, शेतकऱ्याच्या हातात सोयाबीनचे पैसे दिवाळीच्या आसपास येतात, तुरीचे जानेवारीच्या पुढं, आणि आपण त्याला ऑगस्टमध्ये थकबाकीदार म्हणून भर उपासनेत नाव वाचून दाखवतो. पुढच्या रविवारी तो येतच नाही, बायको-लेकरं पण येत नाहीत. म्हणून वर्गणी वर्षातून दोनदा घ्या, धान्यात दिली तरी घ्या, यादी वाचणं बंद करा. आणि बाकी आहे म्हणून कुणाची मयत किंवा लग्न अडवत असाल तर हे बाकीचं वाचूच नका, आधी ते थांबवा.

देणं घराघरात रुजवायचं तर मुठीपासून रुजतं. मिझोराममधल्या प्रेस्बिटेरियन चर्चच्या बाया 1910 पासून रोज स्वयंपाकाला बसताना एक मूठ तांदूळ वेगळा काढतात, त्यावर तिथं मंडळीची केवढी कामं उभी राहिली. आपल्याकडं ज्वारी आहे. मूठ 50 ग्रॅमची धरा, 30 घरं, 30 दिवस, महिन्याला 45 किलो होते. महिला मंडळाकडं डबा द्या, पंचांकडं नको (का ते तुम्हाला माहितीय). त्यातली ज्वारी कुणाच्या घरी गेली ते दोनच बायांना माहीत असावं, व्हॉट्सॲपवर फोटो टाकायचा नाही.

पैशातून बाहेर जाणारा वाटा महिन्याच्या शेवटी उरेल त्यातून काढू नका, कारण शेवटी काही उरतच नसतं. अर्पण मोजलं की तिथंच दहावा हिस्सा बाजूला. आपण लोकांकडून दशांश मागतो, पण बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या 14 व्या अध्यायात दर तिसऱ्या वर्षाचा दशांश गावातच ठेवायला सांगितलाय, लेवी (देवाची सेवा करणारे, ज्यांना स्वतःची जमीन नव्हती), परदेशी, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर खावा म्हणून. मंडळीनं स्वतःचा दशांश कधी काढला ते विचारा एकदा मीटिंगमध्ये, शांतता पसरते.

पाण्याचं पण तसंच. कंपाउंडात बोअर असेल तर मे महिन्यात गेटच्या बाहेर एक नळ काढा, वेळ ठरवा, कुणाचा धर्म विचारू नका. "मोटर जळेल, आपल्यालाच पुरणार नाही" हे येणारच. तेव्हा जालन्याजवळच्या बेथेलची आठवण द्या, रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी ते ख्रिस्ती गाव वसवलं ते निजामाच्या दिवाणानं, सालारजंगानं दिलेल्या जमिनीवर. एका मुसलमान दिवाणानं दिलं आणि आपले आजे-पणजे उभे राहिले. आता आपण नळाला कुलूप लावायचं का?

एका गोष्टीपासून मात्र लांब राहा, "बी पेरा, शंभरपट मिळेल" म्हणत खिसे रिकामे करवणारे पाहुणे वक्ते. गरीब विधवेनं दानपेटीत टाकलेल्या दोन टोल्यांवरचं (छोट्या नाण्यांवरचं) भाषण हे लोक लई रंगवतात, पण मार्कच्या शुभवर्तमानात 12 व्या अध्यायात त्याच्या जरासंच आधी येशू विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांवर बोलतो, तेवढं सोयीनं गाळतात. प्रेषित पौलानं पण करिंथच्या मंडळीला देण्याबद्दल सांगितलंय, कुरकुरत नको, जुलमानं नको.

राहिला हंगामाचा सण, पिकाबद्दल देवाचे आभार मानायचा. लोकांनी आणलेल्या वस्तूंचा लिलाव करा, नारळ 500 ला जाऊ द्या, मजा असते ती, कोंबडीवरून दोन भाऊबंद इरेला पेटले तर अजून चांगलं. फक्त सगळं विकू नका. बायबलच्या लेवीय पुस्तकात शेताचे कोनेकोपरे कापायचे नाहीत, सरवा (कापणीत खाली पडलेली कणसं) गरिबासाठी सोडायचा असं आहे, तसं थोडी ज्वारी, भोपळे, तूर मागच्या टेबलावर सोडा, ज्याला लागेल त्यानं जाताना न्यावं, टेबलापाशी कुणी उभं राहायचं नाही. पहिल्या वर्षी लाजेनं कुणी हात लावणार नाही, मग आधी पाळकसाहेबांनी आणि खजिनदारानं एकेक भोपळा बगलेत मारून बाहेर पडावं.